रूट ४६वर गाडी कोण चालवत होतं

अर्जदाराचं नाव. लायसन्सवर आहे तसंच लिहा.

ईशान उल्हास सबनीस.

जन्म कुठे झाला?

कोलंबस, ओहायो, १९८३. उल्हास तेव्हा तिथे एम.एस. करत होता. दोन वर्षांनी वडिलांच्या आजारपणामुळे तो बायको-मुलाला घेऊन पुण्याला परतला. तिथे हिमानी झाली. अठ्ठ्याण्णव साली चौघं पुन्हा आले, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला, उल्हासच्या व्हिसावर. म्हणजे घरात सगळ्यात अस्सल पुणेरी टोमणा मारणारा मुलगा जन्मानं अमेरिकन नागरिक, आणि बाकीचे तिघं ग्रीन कार्डाच्या रांगेत. आई, सुनेत्रा, त्याला ‘आमचे साहेब’ म्हणायची. २००४च्या मार्चपासून तिनं ते म्हणणं सोडलं.

लष्करी सेवा.

लागू नाही.

कोणत्या कामासाठी अर्ज करत आहात?

शैलेंद्रनं हा प्रश्न मोठ्यानं वाचला तेव्हा त्याच्या एका हातात वडा होता आणि दुसऱ्या हातात पुतण्याचा अर्ज. अर्ज जेवणाच्या टेबलावर का होता, तर चार वाजायच्या आत तो फॅक्स करायचा होता, आणि टेबल सोडून दुसरीकडे कुठे कुणी बसलेलं नव्हतं.

सप्टेंबर २००६मधला शनिवार. आप्पांची, म्हणजे उल्हास-शैलेंद्रच्या वडिलांची, पक्षातली तिथी खरं तर बुधवारी होऊन गेली होती, पण बुधवारी दोघा भावांची ऑफिसं असतात, म्हणून दरवर्षीप्रमाणे ती शनिवारवर ढकललेली. एडिसनहून शैलेंद्र एकटाच आला होता, त्याची बायको शोभना भारतात गेली होती. अळूची भाजी, आमसुलाची चटणी, खीर, वडे. कावळ्यासाठी डेकच्या कठड्यावर ठेवलेलं पान खारीनं पळवलं होतं. तीही दरवर्षी पळवते.

शैलेंद्र उल्हासपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण ग्रीन कार्ड त्याला आठ वर्षं आधी मिळालेलं. त्यामुळे व्हिसा, वकील, अर्ज, मुलाखत या विषयांत घरात त्याचा शब्द शेवटचा होता. कुणाची केस कशामुळे अडकली, हे त्याला तोंडपाठ होतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ईशानबद्दल विचारलं, तर तो सध्या लॉजिस्टिक्समध्ये आहे, असं तो सांगायचा, आणि विषय नाटकाच्या तिकिटांकडे वळवायचा. आता मात्र समोर कागदावर ईशानच्या मोठ्या, सरळ अक्षरात लिहिलं होतं: ट्रक ड्रायव्हर, लांब पल्ला.

“दादा, आप्पा एसटीत कधी खिडकीशी बसले नाहीत, धूळ येते म्हणून,” शैलेंद्र म्हणाला. “आणि त्यांच्या तिथीला त्यांच्या नातवाचा हा अर्ज वाचतोय मी.”

“काका, तुमचा सोफा एडिसनला चालत आला का?” ईशाननं विचारलं.

हिमानी हसली. सुनेत्रा हसली नाही. तिनं दिराच्या पानात आणखी एक वडा टाकला आणि म्हणाली की ट्रक वाईट आहे असं तिचं म्हणणं नाहीच, काम म्हणजे काम. तिला भीती आहे ती वेगळी. ज्यानं एका बाईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, त्याच्या हातात आता चाळीस टनांचं धूड द्यायचं, याची.

ईशाननं खीर ढवळली. हे वाक्य त्याला नवीन नव्हतं. फक्त टनांचा आकडा नवीन होता.

लायसन्स कधी सस्पेंड झालं होतं का? कारण लिहा.

हो. २००५, साठ दिवस.

कारण लिहायला दीड ओळ जागा होती. २००४चा अपघात आणि त्याबद्दल लायसन्सवर चढलेले दंडाचे पॉइंट्स. त्यानंतर वेगाची दोन तिकिटं. ही दोन त्याची स्वतःची, त्याबद्दल त्याला काही म्हणायचं नव्हतं. एकदा वेअरहाउसच्या शिफ्टला उशीर होत होता, आणि एकदा काहीच कारण नव्हतं, रस्ता रिकामा होता आणि तो चिडलेला होता. नुसती ही दोन असती तर लायसन्स गेलं नसतं. अपघाताचे पॉइंट्स आधीच मांडून ठेवलेले होते, त्यांच्यावर ही चढली.

न्यू जर्सीत साठ दिवस गाडीविना म्हणजे काय, हे बसथांब्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कॉलेजला दोन बस बदलून पावणेदोन तास लागायचे. सकाळची लॅब सलग चुकली, मग सेमिस्टर गेलं, मग त्यानं परत नाव घातलंच नाही. त्याचा दोष होताच थोडा. पण किती, हे ठरवायला बसलं की त्याचं डोकं तापायचं, म्हणून तो ठरवायला बसत नसे.

या उन्हाळ्यात त्यानं ट्रकिंग स्कूलमध्ये आठ आठवडे काढले. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग एकीकडे फिरवायचं, ट्रेलर जातो दुसरीकडे, आणि माणसाचा मेंदू पहिले चार दिवस ते मानतच नाही. ईशानच्या मेंदूनं दुसऱ्या दिवशी मानलं. त्याच्या इन्स्ट्रक्टरनं, तीस वर्षं ट्रक चालवलेल्या म्हाताऱ्यानं, बाकीच्यांना गोळा करून त्याचं पार्किंग दाखवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्या ड्रायव्हिंगकडे बोट दाखवून चांगलं बोललं होतं.

मग अकरा कंपन्या. फोनवर सगळे गोड. कधी सुरू करशील, कुठले हायवे आवडतात. मग कॉम्प्युटरवर रेकॉर्ड उघडलं की आवाज बदलायचा. अपघात, जखमी व्यक्ती, दोष तुझा, सस्पेन्शन. सॉरी.

बारावी कंपनी पेन्सिल्वेनियातली, चाळीस ट्रकांची. भरतीचं काम डॉना नावाची बाई बघायची. तिनं सॉरी म्हटलं नाही. ती म्हणाली, तिकिटं मी गिळते. पण अपघातात बाई जखमी झालीय, तर आमच्या इन्शुरन्सवाल्यांना दोन कागद लागतील. काय झालं हे तुझ्या शब्दांत, सहीनिशी. आणि गाडीत तुझ्याबरोबर जो मोठा माणूस होता त्याचं निवेदन, त्याच्या सहीनिशी. शनिवारी चारपर्यंत फॅक्स कर, सोमवारी सकाळी सातला ट्रेनिंगला हजर हो.

गाडीत बरोबर होते बाबा.

अपघात. तारीख, ठिकाण, दोष कुणाचा.

उल्हासनं निवेदनाचे तीन ड्राफ्ट केले होते. तो बावीस जणांच्या टीमचा मॅनेजर होता, दर डिसेंबरला बावीस अप्रेझल लिहायचा, आणि हे पत्र त्यानं त्याच पद्धतीनं रचलं होतं. आधी उणीव, मग त्यावर केलेले उपाय, मग झालेली सुधारणा. त्याला ते पत्र आवडलं होतं. गेल्या अडीच वर्षांत त्या फेब्रुवारीतल्या संध्याकाळबद्दल त्यानं इन्शुरन्सला सांगितलं होतं, कोर्टाबाहेर सांगितलं होतं, सुनेत्राला सांगितलं होतं, मंडळात सांगितलं होतं. आता डोळे मिटले की त्यालाही स्टिअरिंगवर ईशानचेच हात दिसायचे.

मुलाला नोकरी मिळावी असं त्याला मनापासून वाटत होतं. ट्रकची का असेना. म्हणून खीर संपल्यावर त्यानं चष्मा लावला आणि पत्र वाचायला घेतलं, सगळ्यांना कळावं की बापानं हात आखडता घेतलेला नाही.

पत्र इंग्रजीत होतं. त्यात लिहिलं होतं की माझा मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता, त्या वयात असते तशी बेफिकिरी त्याच्यात होती. रूट ४६वर सिग्नल लाल झालेला त्याच्या लक्षात आला नाही, कारण त्याचं चित्त रस्त्यावर नव्हतं. मी शेजारी बसलो होतो, मी त्याला सावध केलं, पण उशीर झाला होता. आमची गाडी डावीकडून येणाऱ्या गाडीवर आदळली. या प्रसंगानं त्याला जबाबदारी शिकवली. एक वडील म्हणून मी खात्री देतो की...

“छान लिहिलंय,” सुनेत्रा म्हणाली. “खरं तेच लिहिलंय.”

शैलेंद्रनं मान डोलावली आणि ‘बेफिकिरी’साठी थोडा मऊ शब्द सुचवला.

 ईशान घड्याळाकडे बघत होता. दोन वाजून चाळीस मिनिटं. बाबांनी ते पान फॅक्स मशीनमध्ये घालावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्या वेळी गाडीत आणखी कोण होतं?

मागच्या सीटवर हिमानी, वय पंधरा. हा प्रश्न अर्जात होता, पण त्याखाली एकच ओळ होती, आणि ती ओळ ‘वडील’ या शब्दानं भरली होती. पोलिसांच्या रिपोर्टात तिचं नाव होतं. तिला कधी कुणी काही विचारलं नाही.

तिला आठवत होता बाबांचा उजवा कान. कारण ती त्या कानाकडेच बघत होती. कानाला फोन होता. पुण्याच्या टीमशी बोलणं चाललं होतं, सर्व्हर पडला होता, बाबा कुणा संजयला सांगत होते की रीस्टार्ट करू नको, आधी लॉग बघ. ईशानदादा शेजारच्या सीटवर होता. सावध केलं होतं ते दादानं. “बाबा, रेड,” तो म्हणाला होता. दोन शब्द.

मग आवाज. मग थंडी, तिघं रस्त्याच्या कडेला, समोरच्या गाडीतली बाई खांदा धरून बसलेली, दादा तिच्याजवळ स्वतःचं जॅकेट घेऊन गेलेला. आणि बाबा पुन्हा फोनवर, या वेळी शैलूकाकाशी. फोन ठेवून ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. ते दादाशी हळू बोलले. तू सिटिझन आहेस, तुला कुणी हात लावणार नाही. माझी फाइल शेवटच्या टप्प्यात आहे, एक पोलीस केस झाली तर आम्ही तिघं परत जाऊ, हिमानीची शाळा, सगळं. दादानं एकदा तिच्याकडे बघितलं. पोलिसाची गाडी वळत होती.

आईला सांगायचं नाही, हे नंतर ठरलं. आई तेव्हा आजीच्या ऑपरेशनसाठी नागपूरला होती. आधीच काळजीत आहे, आल्यावर सांगू, असं बाबा म्हणाले. आई आली, आणि बाबांनी सांगितलं ते दुसरंच.

एवढी वर्षं हिमानी गप्प राहिली, कारण दादा गप्प होता. पण गप्प राहणं वेगळं आणि खोटं कागदावर चांगल्या इंग्रजीत लिहून तिथीच्या जेवणात वाचून दाखवणं वेगळं.

“बाबा, यू आर रीडिंग दॅट आउट लाउड?” ती म्हणाली. “त्याच्यासमोर?”

उल्हासनं चष्मा काढला आणि तिला खीर घे म्हणाला. ईशान म्हणाला, हिमू, नको, प्लीज, मला चारच्या आत पाठवायचंय.

तिनं आईकडे वळून सांगितलं, मराठीत, म्हणजे नीट कळेल.

“आई, गाडी बाबा चालवत होते. फोनवर बोलत होते. मी मागे होते.”

उत्तरासाठी जागा पुरत नसल्यास वेगळा कागद जोडा.

सुनेत्रा उठली आणि तिनं गॅस बंद केला. गॅस बंदच होता.

तिला आधी काही जाणवलं नाही. मग एकामागून एक तिचीच वाक्यं तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तुझ्या हातात सायकलसुद्धा देऊ नये. हिमानीला तुझ्याबरोबर पाठवायची नाही मी. त्या बाईच्या मुलांना काय वाटलं असेल, विचार केलास कधी? तिनं त्या बाईला माफीचं पत्र लिहायला लावलं होतं ईशानला, शेजारी उभं राहून, आणि त्यानं लिहिलं होतं. मंडळाच्या हळदीकुंकवात संध्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, काय सांगू, मुलगा हाताबाहेर गेलाय. सुमित्रामावशीला पत्रातून कळवलं होतं. गेल्या वर्षी किराणा आणायला जाताना तो म्हणाला, आई, मी सोडतो ना, तर ती बर्फात दीड मैल चालत गेली होती, त्याला कळावं म्हणून. आणि या सगळ्या वेळी, प्रत्येक वेळी, हा माणूस इथेच कुठेतरी होता. पेपर वाचत. एकदा तर म्हणाला होता, जाऊ दे गं, फार बोलू नकोस त्याला. तिला तेव्हा वाटलं होतं, किती मऊ मनाचा बाप आहे.

“खरं आहे का हे?” तिनं विचारलं. नवऱ्याला नाही, ईशानला.

ईशान म्हणाला की आता त्याला काही अर्थ नाही.

“खरं आहे,” ती म्हणाली.

शैलेंद्रनं समजावायला सुरुवात केली. वहिनी, तेव्हाची परिस्थिती तुम्ही नव्हतात म्हणून... दादाचा फोन आला, दहा मिनिटांत पोलीस येणार होते. नऊ-अकराच्या हल्ल्यानंतरचे दिवस. कुणाकुणाच्या फायली कशाकशावरून परत आल्या, ते त्याला माहीत होतं. त्यानं सांगितलं ते घर वाचवायला सांगितलं. आणि घर वाचलं की नाही? यंदा मेमध्ये तिघांची कार्डं आली.

सुनेत्रानं त्याला पूर्ण बोलू दिलं. मग ती म्हणाली, “भावजी, वीस वर्षांच्या पोराला पुढे करायची अक्कल तुम्ही फोनवर दिलीत. माझ्या पोराला. मला फोन केला असतात तर मी तिकडून सांगितलं असतं, परत या म्हणून. पुण्याला काय कमी होतं आम्हाला?”

शैलेंद्र म्हणाला, हे आता बोलायला सोपं आहे. आणि तो एकट्याच्या डोक्यानं बोलला नव्हता, वकीलही नंतर तेच म्हणाला होता ना? दादानंच सांगितलं होतं त्याला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये. वकील म्हणाला, बरं केलंत.

उल्हासनं पत्राची घडी घातली. मग उलगडली. मग परत घातली.

सव्वीस वर्षांच्या संसारात सुनेत्रा त्याचे हात वाचायला शिकली होती.

“अहो, वकील काय म्हणाला होता?”

उल्हास म्हणाला, ते आता महत्त्वाचं नाही. तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, त्याच आवाजात. उल्हास म्हणाला की वकील असे म्हणतात, त्यांचं काय जातंय. तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

“हसला तो,” उल्हास म्हणाला. “म्हणाला, ट्रॅफिकच्या तिकिटानं ग्रीन कार्ड जात नाही. कुणी बघतसुद्धा नाही.”

“एप्रिलमध्ये.”

“हो.”

“आणि ईशानचं कोर्ट मेमध्ये होतं.”

उल्हासनं चष्मा पुसला. मग त्यानं एकदम पुष्कळ उत्तर दिलं. की तोवर पोलिसांना जबाब देऊन झाला होता. तो बदलणं म्हणजे खोटं बोललो असं कबूल करणं, आणि ते तिकिटापेक्षा वाईट. की पॉइंट्सच लागणार होते, पोराला, ज्याचं काही अडत नव्हतं. की त्यानं स्वतः सुट्टी काढून ईशानला कोर्टात नेलं, वकील देऊ केला. की बावीस माणसांची पोटं त्याच्यावर होती. तो बोलत राहिला आणि शैलेंद्र त्याच्याकडे बघत राहिला, आणि शैलेंद्रचा चेहरा हळूहळू लाल झाला.

“म्हणजे तू मलाही खोटं सांगितलंस, दादा,” तो म्हणाला. “अडीच वर्षं मी लोकांना हा सल्ला देतोय. आपल्या घरचं उदाहरण म्हणून.”

त्यानं खुर्ची मागे सरकवली आणि ती थोरल्या भावाच्या शेजारून उचलून ईशानच्या बाजूला नेली. तिथे बसून काय करायचं हे त्याला सुचलं नाही. तरी तो तिथेच बसला.

वरील माहिती खरी असल्याचं मी प्रमाणित करतो.

ईशानला वकिलाचं माहीत नव्हतं.

बाकी सगळं त्याला माहीत होतं. आई नसताना ठरलेलं, आई आल्यावर बदललेलं, सगळं. अकरा सॉरी, दोन बस, माफीचं पत्र, आईचं बर्फातून चालत जाणं, हे सगळं त्यानं एका गोष्टीच्या जोरावर सोसलं होतं: त्याच्यामुळे हे घर इथे आहे. हिमू इथे कॉलेजला जातेय, ती त्याच्यामुळे. यंदा मेमध्ये पाकिटं आली, तिघांनी कार्डं हातात घेऊन फोटो काढला, फोटो ईशाननं काढला, आणि कॅमेऱ्यामागे उभं असताना त्याला मनातल्या मनात वाटलं होतं, हे माझं आहे. त्याला कुणाकडून शाबासकी नको होती. फक्त ते खरं असायला हवं होतं.

आता कळलं की ते कशासाठीच नव्हतं. कुणी बघतसुद्धा नाही.

“तुम्ही मला कोर्टात सोडायला आलात,” तो बापाला म्हणाला. “गाडीत तुम्ही मला सांगितलंत, टाय नीट कर.”



साडेतीन झाले होते. उल्हास पुन्हा कामाच्या आवाजात बोलायला लागला, हलक्या पण ठाम आवाजात. जे झालं त्यावर आपण नंतर बसून बोलू, तो ते नाकारत नाही. पण आत्ता नोकरी हातात आहे. पत्र तयार आहे. कागदावर जे आहे त्याच्याशी ते जुळतं. अर्ध्या तासात फॅक्स गेला की सोमवारी ईशान ट्रेनिंगला. भावनेच्या भरात आता पोराचं नुकसान करू नका.

आणि संतापाची गोष्ट अशी होती की तो बरोबर बोलत होता. हिमानीला ते कळलं, सुनेत्राला कळलं. खोटं पाठवलं तर ईशानला ट्रक मिळणार होता. खरं पाठवलं तर बहुधा नाही. ज्यानं चूक केली त्याच्या सहीवर अजूनही सगळं अडलं होतं, आणि तो सही द्यायला तयार होता, उदारपणे, पेनचं टोपण काढून.

ईशाननं फोन उचलला आणि डॉनाला लावला. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन, कुणी बाजूला जा म्हणालं नाही. तो उभा राहून बोलला, इंग्रजीत, भराभर, जसं पाण्यात उडी मारण्याआधी. २००४ची ती गाडी मी चालवत नव्हतो. पोलिसाला मी चालवत होतो असं सांगितलं, ते मी सांगितलं. दुसऱ्या माणसाचं निवेदन माझ्याकडे आहे, पण ते खोटं आहे, म्हणून पाठवत नाही. वेगाची तिकिटं दोन्ही माझी.

 मग डॉनानं विचारलं, चालवत कोण होतं? माझे वडील, तो म्हणाला. ते तिथे आहेत का? आहेत.

डॉना जे बोलली ते ईशाननं फोन ठेवल्यावर सांगितलं. ती रागावली नव्हती. म्हणाली, माझ्यासमोर रेकॉर्ड आहे, त्यात तू आहेस. तू म्हणतोस तू नाहीस. ज्याचं तोंड एक बोलतं आणि कागद दुसरं, त्याला मी चाळीस टन देऊ शकत नाही, मग खरं कुठलंही असो. सोमवारची जागा मी दुसऱ्याला देतेय. पुढचं ट्रेनिंग नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी आहे. कोर्टाकडून रेकॉर्ड दुरुस्त करून आण, नाहीतर निदान दुरुस्तीचा अर्ज दाखल झाल्याचा शिक्का आण. मग आपण बोलू. आणि पोरा, ती म्हणाली, जास्तीत जास्त लोक मला याच्या उलट गोष्ट सांगतात. रेकॉर्ड बरं असतं आणि माणूस वाईट.

“झालं,” उल्हास म्हणाला. “घालवलीस हातातली.”

तेव्हा सुनेत्रा त्याच्यासमोर येऊन बसली. ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं त्याच्या हातातलं पत्र घेतलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर खिरीचं पातेलं ठेवलं.

“सोमवारी तुम्ही कोर्टात जाणार,” ती म्हणाली.

उल्हासनं सिटिझनशिपचं सांगितलं. चार-पाच वर्षांनी अर्ज करायचा आहे, त्यात विचारतात, आणि खोटा जबाब म्हणजे... शैलेंद्रला विचार हवं तर. शैलेंद्र म्हणाला, मला विचारू नका, मी आता कुणाला काही सांगत नाही.

“नाही मिळाली तर नाही मिळाली,” सुनेत्रा म्हणाली. “या घरात एक सिटिझन होता. त्याला तुम्ही वापरलंत, आणि मी बोलत राहिले.”

तिनं मग ईशानकडे बघितलं. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण अडीच वर्षांचं एका वाक्यात काय मागे घ्यायचं, हे तिला जमलं नाही. तिनं विचारलं की तो जेवला का पोटभर. तो हो म्हणाला. ती म्हणाली, नाही जेवलास, आणि त्याचं पान पुन्हा वाढायला घेतलं. तो बसला आणि जेवला, तिच्याकडे न बघता, शेवटच्या घासापर्यंत.

सही.

~~शनिवार, १६ सप्टेंबर.~~

सोमवार, १८ सप्टेंबर. म्युनिसिपल कोर्टाची खिडकी, सकाळी नऊ.

रविवारभर उल्हास सुनेत्राशी बोलायचा प्रयत्न करत होता आणि ती उत्तरं देत होती, जेवढ्यास तेवढी. सोमवारी तो सूट घालून खाली आला. ईशान गाडीत बसला होता, मागच्या सीटवर. उल्हासनं गाडी काढली. वीस मिनिटांच्या रस्त्यात फोन दोनदा वाजला. दुसऱ्या वेळी तो वाजू लागताच ईशान म्हणाला, नका घेऊ, आणि उल्हासनं घेतला नाही.

रांगेत त्यांच्यापुढे सहा माणसं होती, मागे चार. खिडकीला जाड काच, काचेला खाली एक फट, आणि काचेमागे केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एक क्लार्क. ईशाननं केस नंबर दिला. तिनं फाइल काढली, नाव वाचलं, त्याच्याकडे बघून मान हलवली आणि विचारलं, काय हवंय. दंड तर भरून झालाय. पॉइंट्स कमी करायचे असतील तर त्याचा कोर्स वेगळा आहे.

ईशान बाजूला झाला. उल्हास पुढे आला. त्यानं घसा साफ केला आणि बोलायला लागला. घरातून तयार करून आणलेलं ते बोलणं होतं. त्या दिवशीची परिस्थिती, हवामान, कुटुंबावरचं दडपण, काही गैरसमज झाले ज्यामुळे नोंदीत एक तफावत राहून गेली. क्लार्कनं ते अर्धं ऐकलं. काचेमुळे तिला नीट ऐकू येत नव्हतं आणि मागे रांग वाढत होती.

“सर,” तिनं त्याला थांबवलं. “गाडी कोण चालवत होतं?”

उल्हासनं ईशानकडे बघितलं.

त्या क्षणी त्याला वाचवणं फार सोपं होतं. ईशानच्या जिभेवर अजून ते होतं, सवयीनं, अडीच वर्षांच्या सवयीनं. त्यानं भिंतीवरची सूचना वाचायला घेतली. चेक स्वीकारले जात नाहीत. ओळखपत्र सोबत ठेवा. त्यानं ती दोनदा वाचली.

“मी,” उल्हास म्हणाला.

“सर, मला ऐकू येत नाही. फटीजवळ वाका आणि मोठ्यानं बोला.”

सुटातला माणूस वाकला. कमरेत वाकून त्यानं तोंड काचेच्या फटीजवळ नेलं, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते पुन्हा सांगितलं. गाडी मी चालवत होतो. माझा मुलगा नाही.

क्लार्कच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिनं खालच्या खणातून चार पानी फॉर्म काढला, फटीतून सरकवला, आणि हा फॉर्म तुम्ही स्वतः भरायचा, दुसऱ्या कुणी नाही, असं उल्हासला बजावलं. मग तिनं ईशानकडे बघितलं आणि समोरच्या बाकाकडे हात केला.

“तू बस,” ती म्हणाली. “हे काम यांचं आहे.”

ईशान बसला.